न्यूझीलंडला पहिल्यांदाच चाललोय : बेत, सामान आणि सासूबाईंचा बटवा

हळदपान | १२ जुलै

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसतीच वाचक होते, आज पहिला धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही तिघं न्यूझीलंडला जायचं म्हणतोय. मी, नवरा आणि सासूबाई (वय ७१, तब्येत ठणठणीत, गुडघे बेताचे). नवऱ्याचा मावसभाऊ हॅमिल्टनला असतो, तो चार वर्षं बोलावतोय. आमचा आजवरचा परदेश म्हणजे दुबईची पाच दिवसांची टूर. तिथे गाईडच्या झेंड्यामागून चालायचं एवढंच काम होतं. या वेळी सगळं आपलं आपणच करायचंय.

हातात १५ दिवस आहेत. व्हिडिओ बघून बघून असा बेत आखलाय : ऑकलंड १ रात्र, वायटोमोच्या गुहा, रोटोरुआ १, टाउपो १, वेलिंग्टन १, फेरीबोटीने पिक्टन, कैकौरा १, ख्राइस्टचर्च १, टेकापो १, माउंट कुक १, क्वीन्सटाउन २ (त्यातल्या एका दिवशी मिलफर्ड साउंड या समुद्राच्या खाडीला जाऊन-येऊन), फ्रान्झ जोसेफ १, पुन्हा ख्राइस्टचर्च, तिथून विमानाने उत्तरेत भावाकडे. गाडी भाड्याची. नवरा सांगली-गोवा एका दमात मारतो, त्यामुळे ती काळजी नाही.

खायचं काय न्यायचं, कपडे कसले, व्हिसाला काय लागतं, गाडीचं काय, जे सुचेल ते सांगा. सासूबाईंनी आत्तापासूनच डबे काढून ठेवलेत.

दक्षिणवारा | १२ जुलै

हळदपान, धाग्यावर स्वागत. मी अकरा वर्षं ख्राइस्टचर्चला आहे. दर उन्हाळ्यात कुणाचा ना कुणाचा असा बेत तपासायला येतोच. तुमचा वाचूनच दम लागला.

नकाशावर हा देश चिमुकला दिसतो, तिथेच सगळे फसतात. ऑकलंड ते वेलिंग्टन साधारण ६४० किलोमीटर. तुम्ही म्हणाल, त्यात काय, आपण पुणे-नागपूर करतोच की. पण इथला 'स्टेट हायवे' म्हणजे बहुतेक ठिकाणी एक लेन जाणारी, एक येणारी, मध्ये काही नाही, आणि वळणं अशी की आंबोलीची आठवण यावी. हद्द ताशी १०० असली तरी सरासरी ७०-७५ च्या वर जात नाही. दर दहा किलोमीटरला 'थांब, फोटो काढू' होणार ते वेगळंच. वेलिंग्टन-पिक्टन फेरीला साडेतीन तास. कुक सामुद्रधुनीत वारा पिसाळला तर फेरी रद्दही होते. ती रद्द झाली की तुमचं पुढचं अख्खं बुकिंग कोसळलं.

मिलफर्डचं तर ऐकाच. क्वीन्सटाउनहून एका बाजूला चार तास. परत यायला चार. बोट दोन तास. बेताचे गुडघे घेऊन आठ तास गाडीत बसवणार आहात सासूबाईंना?

माझं मत विचाराल तर १५ दिवसांत एकच बेट. तुमचा भाऊ उत्तरेत आहे, म्हणून शेवटचे तीन-चार दिवस त्याच्याकडे ठेवा. विमान आत ख्राइस्टचर्चला आणि बाहेर ऑकलंडहून घ्या, म्हणजे उलटं फिरावं लागत नाही. दक्षिणेत टेकापो, माउंट कुक, 'ते अनाऊ' (Te Anau, मिलफर्डच्या वाटेवरचं गाव), क्वीन्सटाउन एवढंच. तिथून दोन तासांचं विमान ऑकलंडला. फ्रान्झ जोसेफ काढून टाका. वाईट वाटेल, पण काढा.

टप्प्याटप्प्याने | १३ जुलै

दक्षिणवारा, एवढं घाबरवू नका हो. आम्ही १२ दिवसांत दोन्ही बेटं केली, फेरीसकट. सगळं छान झालं. माणूस इतका खर्च करून एवढ्या लांब जातो तो काय पुन्हा पुन्हा जाणार आहे?

मोगरा_वेल | १३ जुलै

आम्हीही तसंच केलं होतं. आता नवऱ्याला विचारलं की टाउपोला काय पाहिलं, तर म्हणतो, पेट्रोल पंप.

रानवाट | १३ जुलै

बेताचं नंतर बघा. आधी मला सांगा, तिकीट काढलंय का? आणि कोणत्या मार्गाने?

हळदपान | १३ जुलै

अजून काढलं नाही, पण मेलबर्नमार्गे एक बरंच स्वस्त दिसतंय. नवरा आज रात्री काढायचंच म्हणतोय. का हो?

रानवाट | १३ जुलै

थांबा, थांबवा त्यांना!

ऑस्ट्रेलियातून नुसतं विमान बदलायचं असलं, विमानतळाबाहेर पाऊल टाकायचं नसलं, तरी भारतीय पासपोर्टला ट्रान्झिट व्हिसा लागतो. त्याला सबक्लास ७७१ म्हणतात. फुकट असतो, पण ऑनलाइन अर्ज, कागदपत्रं, वाट बघणं सगळं आलंच. तो नसेल तर मुंबईतच चेक-इनला अडवतात. माझ्या ओळखीचं एक कुटुंब असंच काउंटरवरून घरी परतलं. तिकिटाचे पैसे गेले, टॅक्सीचे गेले, वर शेजाऱ्यांना सांगून निघाले होते ते वेगळंच.

सिंगापूरमार्गे एकाच तिकिटावर जाणार असाल आणि आतल्या आतच विमान बदलायचं असेल तर व्हिसाची भानगड नाही. मुंबईहून सिंगापूर साडेपाच तास, तिथून ख्राइस्टचर्चला थेट साधारण दहा. दोन वेगवेगळी तिकिटं मात्र जोडू नका. तसं केलंत तर सामान घ्यायला बाहेर यावं लागतं आणि मग तिथलाही व्हिसा.

हळदपान | १३ जुलै

नवऱ्याने लॅपटॉप मिटला. रानवाट, तुम्हाला हळदीची पुडी पाठवते.

अनुस्वार | १४ जुलै

व्हिसाचं मी सांगते, मागच्या वर्षी आई-बाबांचा मीच भरला होता.

व्हिजिटर व्हिसा ऑनलाइनच. पासपोर्टवर शिक्का-स्टिकर काही नाही, ईमेलने पत्र येतं, त्याची छापील प्रत जवळ ठेवा. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने हवी. पैशांचा नियम माणशी महिन्याला १,००० न्यूझीलंड डॉलर दाखवायचे. राहण्याचे पैसे आधीच भरले असतील तर ४००. अर्थात हा किमान आकडा. खात्यात तेवढेच दाखवून थांबू नका, आणि अर्जाच्या आठवडाभर आधी कुणाकडून तरी उसने घेऊन खातं फुगवू नका. ते सहा महिन्यांचं स्टेटमेंट बघतात, त्यांना कळतं. अर्जासोबतच १०० डॉलरचा पर्यटक कर भरावा लागतो, तोही धरून चला.

एक गोष्ट खास आपल्या लोकांसाठी. मराठी कागद जसाच्या तसा जोडू नका. सातबारा, आठ-अ, सोसायटीचा दाखला, काहीही असो, सोबत इंग्रजी भाषांतर लागतं. घरच्या कुणी केलेलं चालत नाही, प्रमाणित भाषांतरकाराकडून घ्या. सासूबाईंच्या नावावर शेती असेल तर तिचा उतारा जरूर जोडा. परत येण्याचं कारण म्हणून शेतीइतकं भक्कम काही नाही.

भावाचं निमंत्रणपत्र घ्या, पण त्याच्यावर सगळी भिस्त नको. आणि दिवसागणिक बेताचं एक पान जोडा. पहिल्या पोस्टमधलं नको, दक्षिणवारांनी सुधारलेलं.

हळदपान | १४ जुलै

शेती आहे! तीन एकर, सासूबाईंच्याच नावावर. त्यांना सांगितलं की परदेशात जायला तुमचा सातबारा लागतोय, तर म्हणाल्या, "तिथं गहाण टाकणार नाही ना?"

पोटोबा | १५ जुलै

आता मुद्द्याचं. डब्यात काय भरणार?

हळदपान | १५ जुलै

सासूबाईंची यादी : बेसनाचे लाडू, चकल्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण मसाला (घरचा), हळद (अर्थातच घरची), तूप, मेतकूट, लिंबाचं लोणचं, कढीपत्ता, वाडीचे पेढे. आणि बडीशेप.

दक्षिणवारा | १५ जुलै

ही यादी वाचून विमानतळावरचा कुत्रा आत्ताच शेपूट हलवायला लागला असेल.

जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्या तयारीत हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि लोक हेच सगळ्यात हलक्यात घेतात. हा देश उभा आहे तो दूध, मांस, फळं आणि लोकर यांच्यावर. बाहेरून एखादा किडा, एखादं बी, जनावरांचा एखादा रोग आला तर त्यांचं दिवाळं निघेल. आपल्याकडे लाळ्या-खुरकूत आहे, त्यांच्याकडे नाही. म्हणून आपल्याकडच्या दुधाच्या पदार्थांकडे ते संशयाने बघतात. यात त्यांचा आकस नाही, त्यांची चूल त्यावर पेटते.

पेढे नकोत. तूप नको. मध तर अजिबात नको. ताजा कढीपत्ता, ताजी फळं, लिंबं, बिया काही नको. घरचा मसाला उघड्या डब्यात नेऊ नका. दुकानातलं बंद पाकीट, त्यावर इंग्रजीत काय-काय घातलंय ते छापलेलं, असं न्या. लाडूत तूप आहे हे विसरू नका.

आणि आता सोनेरी नियम. खाण्याचं काहीही, अगदी चॉकलेटसुद्धा, जवळ असलं तर 'आहे' वर खूण करा. जाहीर करून दाखवलेल्या वस्तूला दंड नाही. फार तर काढून घेतात. लपवलेल्या किंवा विसरलेल्या वस्तूला जागेवर ४०० डॉलर दंड. विमानात मिळालेलं सफरचंद पर्समध्ये राहिलं म्हणून ४०० डॉलर भरलेले लोक मी पाहिलेत. जगातलं सगळ्यात महाग सफरचंद.

पोटोबा | १५ जुलै

म्हणजे खूण केली की काहीही नेता येतं का? मग मी पेढे दाखवून बघेन.

दक्षिणवारा | १५ जुलै

बघा. तेही बघतील, आणि मग टोपलीत टाकतील. आपल्या हातचे पेढे टोपलीत पडताना बघवत असेल तर न्या.

मोगरा_वेल | १६ जुलै

खाण्याबरोबर लाकूड आणि झाडांपासूनच्या वस्तूही येतात बरं. लाटणं, सुपारी, हार, नारळ, दर्भ, अक्षता. माझ्या वडिलांच्या गळ्यात रुद्राक्षाची माळ होती, ते बी आहे हे आमच्या डोक्यातच नाही. आम्ही सांगितलं, त्या बाईंनी भिंगातून पाहिली, छिद्रं आहेत का बघितलं आणि हसून परत दिली. बाबांना फार कौतुक वाटलं, म्हणाले, आपल्याकडे इतक्या बारकाईने माळ कुणी बघितली नाही.

रानवाट | १६ जुलै

ट्रेकर मंडळींसाठी : बूट! मी हरिश्चंद्रगड करून आलेले बूट तसेच बॅगेत टाकले होते. भरपूर माती, वर एक कुसळ. सुदैवाने खूण केली होती. अधिकारी बूट आत घेऊन गेला, दहा मिनिटांनी धुऊन, निथळत, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणून दिले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी माझे बूट धुतले, तेही सरकारने. तरी तुम्ही घरूनच ब्रशने घासून, खाचांतली माती काठीने काढून न्या. तंबूच्या खुंट्यासुद्धा.

बुलबुल_७७ | १८ जुलै

वाचतेय. आम्हीही फेब्रुवारीत जाणार. मुलगी पाच वर्षांची आहे, गाडीत मांडीवर घेतलं तर चालतं का?

दक्षिणवारा | १८ जुलै

अजिबात नाही. सात वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलांना त्यांची खास चाइल्ड सीट बंधनकारक आहे. गाडी बुक करतानाच सांगा, भाड्याने मिळते.

हळदपान | २ ऑगस्ट

तिकीट काढलं! मुंबई-सिंगापूर-ख्राइस्टचर्च, परत ऑकलंडहून. बेत असा झालाय : ख्राइस्टचर्च १ रात्र, टेकापो २, माउंट कुक १, ते अनाऊ ३, क्वीन्सटाउन २, मग हॅमिल्टन. टप्प्याटप्प्याने, तुमचा मान राखून रोटोरुआ ठेवलंय, भावाच्या घरून दीड तासावर आहे.

आता गाडी आणि कपडे यांचं सांगा.

दक्षिणवारा | ३ ऑगस्ट

आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं, ही मोठी सोय. इंग्रजीतलं लायसन्स चालतं. तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, काही भाडेकंपन्या मागतात. पैसे भरण्यासाठी चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड हवं. डेबिट कार्डाला बऱ्याच ठिकाणी नाही म्हणतात आणि तिथे, रात्री, सामानासकट वाद घालण्यात अर्थ नसतो. डिझेल गाडी स्वस्त दिसली तर आधी विचारा : डिझेलवर रस्ताकर किलोमीटरप्रमाणे वेगळा लागतो.

सांगली-गोव्याचा अनुभव उपयोगी आहे, फक्त त्यातल्या तीन सवयी घरीच ठेवून यायच्या. हॉर्न. डिपर मारून 'मी येतोय' सांगणं. आणि वळणावर ओव्हरटेक.

एकपदरी पूल बरेच लागतात. पुलाच्या तोंडाशी पाटी असते, दोन बाण असतात. तुमच्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल तर थांबायचं, समोरच्याला जाऊ द्यायचं. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी. मागे गाड्यांची रांग लागली तर बाजूला घेऊन त्यांना जाऊ द्या, त्यात कमीपणा नाही. सकाळी उतरलात की त्याच दिवशी लांब गाडी चालवू नका. घड्याळ तेव्हा आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असतं. तुमच्या शरीराला तिथे सकाळचे नऊ म्हणजे मध्यरात्रीचे दीड.

ते अनाऊला टाकी भरून घ्या. तिथून मिलफर्ड १२० किलोमीटर आहे, मध्ये पंप नाही, मोबाइलला रेंजही नाही. नकाशा आधीच उतरवून ठेवा.

वाफाळता_चहा | ३ ऑगस्ट

कपडे : एक जाड जॅकेट नेण्यापेक्षा पातळ तीन थर न्या, वर पाऊस-वारा अडवणारं एक. नोव्हेंबर म्हणजे तिथला उन्हाळा लागतोय, पण एकाच दिवशी टी-शर्ट, स्वेटर आणि रेनकोट तिन्ही लागतील. छत्री नको, वारा उलटी करून देतो. गारवा असला तरी ऊन भाजतं. तिथली अतिनील किरणं फार कडक आहेत, ढगाळ दिवशीही. पन्नासचं सनस्क्रीन लावा, टोपी घाला. आमचे हे 'मी सांगलीचा, मला काय ऊन' म्हणत फिरले आणि नाकाची साल निघाली. (आम्ही मिरजेचे, हळदपान. शेजार निघाला.)

प्लगची पिन वेगळी असते, तीन चपट्या, वरच्या दोन तिरक्या. अ‍ॅडॉप्टर इथूनच घ्या. व्होल्टेज आपल्यासारखंच, त्यामुळे इथली छोटी किटली चालते.

अनुस्वार | ४ ऑगस्ट

औषधं! सासूबाईंच्या गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी सोबत. तीन महिन्यांपेक्षा जास्त साठा नको. आठवड्याच्या खणांच्या डबीत भरून नेल्या तर कुठली कुणाची हे सांगत बसावं लागतं.

विमा घ्याच. तिथे अपघात झाला तर पाहुण्यालासुद्धा सरकारी योजनेतून उपचारांना मदत मिळते, त्यावर विसंबून लोक विमा टाळतात. पण ती योजना अपघाताची. ताप, न्यूमोनिया, छातीत दुखणं यातलं काही तिच्यात बसत नाही. मदतीचा नंबर १११.

निघण्याआधी शेवटच्या २४ तासांत ऑनलाइन प्रवासी घोषणापत्र भरायचं असतं. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट उघडली असेल तर ती खोटी, लगेच बंद करा.

टप्प्याटप्प्याने | ५ ऑगस्ट

टेकापोला नोव्हेंबरअखेर म्हणजे ल्युपिनची फुलं! तळ्याकाठी जांभळा-गुलाबी गालिचा. ते चुकवू नका.

दक्षिणवारा | ५ ऑगस्ट

फुलं सुंदर, वाद नाही. पण ते बाहेरून आलेलं तण आहे. नदीपात्रातल्या उघड्या गोट्यांवर काकी नावाचा काळा पक्षी घरटं करतो, जगातल्या अतिदुर्मीळ पाणपक्ष्यांपैकी एक. ल्युपिन त्याची जागा गिळतं. फोटो काढा, बी मात्र खिशात घालू नका. आपल्याकडच्या घाणेरीचं कौतुक कुणी परदेशी माणूस करायला लागला तर कसं वाटेल, तसं वाटतं मला.

टप्प्याटप्प्याने | ५ ऑगस्ट

तुमच्याकडे प्रत्येक गोष्टीला एक वाईट बातमी असते का हो?

मोगरा_वेल | ५ ऑगस्ट

हाहा. चालू द्या.

रानवाट | ६ ऑगस्ट

वाईट बातमी म्हणालात म्हणून : मिलफर्डला सँडफ्लाय. चिलटाएवढी काळी माशी, चावली की दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर खाज. घोट्यांवर खास प्रेम. साडी नेसणार असतील तर सासूबाईंना मोजे घालायला लावा आणि माशा दूर ठेवणारं मलम तिथल्या फार्मसीतून घ्या. आणि तिथे वर्षाला सहा मीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे पाऊस आला म्हणून रडू नका. पाऊस असला की कड्यांवरून शेकडो धबधबे उतरतात. ऊन असलं तर ते नसतात.

हळदपान | २१ डिसेंबर

आलो परत, सुखरूप. सगळ्यांना मनापासून धन्यवाद. वृत्तांत लिहिते, जरा लांबेल.

सामानात शेवटी चकल्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि मसाला असं सगळं दुकानातलं बंद पाकिटातलं नेलं. लाडू, पेढे, तूप यांवरून घरी दोन दिवस अबोला होता. ख्राइस्टचर्चला उतरलो, 'खाद्यपदार्थ आहेत' वर खूण केलेली होतीच. बॅग उघडली. अधिकाऱ्याने प्रत्येक पाकीट वाचलं, मेतकुटावर थांबला. मेतकूट इंग्रजीत समजावून सांगणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड इंग्रजी. 'भाजलेल्या डाळींचं पीठ, भातावर घेतात' म्हटल्यावर सुटलं.

मग त्याने सासूबाईंच्या पर्सकडे बोट दाखवलं. आत त्यांचा बटवा. मला त्याची कल्पनाच नव्हती! नरसोबाच्या वाडीचा प्रसाद : सुकं खोबरं, खडीसाखर, अंगाऱ्याची पुडी आणि झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. माझ्या डोळ्यांसमोर ४०० डॉलर नाचायला लागले. पण खूण केलेली असल्यामुळे त्याने नुसतं विचारलं, हे काय? खोबरं आणि पाकळ्या ठेवून घेतल्या, खडीसाखर आणि अंगारा परत दिला, वर 'थँक यू फॉर डिक्लेअरिंग'. मला वाटलं आता सासूबाई रागावणार. तर त्या शांतपणे म्हणाल्या, "निर्माल्यच होतं ते. त्याच्या हातून विसर्जन झालं."

टेकापोला मोटेलच्या काउंटरवर बाईंनी किल्ली दिली आणि विचारलं, "ब्लू ऑर ग्रीन?" नवऱ्याला वाटलं, खोलीचा रंग विचारतायत, तो म्हणाला ग्रीन. तिने फ्रिजमधून दुधाची चिमुकली बाटली काढून हातात दिली. हिरव्या झाकणाचं दूध म्हणजे साय काढलेलं, निळ्याचं पूर्ण. त्या रात्री सासूबाईंनी चहा केला आणि एक घोट घेऊन नवऱ्याकडे अशा काही पाहिलं की पुढच्या प्रत्येक गावात तो दारातूनच 'ब्लू, ब्लू' करत आत शिरायचा. मोटेलच्या खोलीत शेगडी, भांडी, टोस्टर सगळं असतं. ही गोष्ट इथे कुणीच सांगितली नव्हती, म्हणून लिहितेय. आम्ही सुपरमार्केटमधून तांदूळ, भाज्या, अंडी घेऊन रोज रात्री खोलीतच जेवलो. बाहेर लहान गावांत आठ-साडेआठलाच स्वयंपाकघर बंद होतं आणि उजेड मात्र साडेनऊपर्यंत असतो. त्यामुळे 'अजून दिवसच आहे' म्हणत फिरणारा उपाशी राहतो. पहिल्या दिवशी आम्ही राहिलो. चकल्या कामाला आल्या.

ते अनाऊला तीन रात्री हा सगळ्यात चांगला सल्ला ठरला. मिलफर्डच्या वाटेवर होमर बोगद्यापाशी सिग्नलला गाड्या थांबतात, तिथे किया नावाचे हिरवे पोपट येतात. एक आमच्या बॉनेटवर बसला, नवऱ्याकडे मान वाकडी करून पाहिलं आणि वायपरचं रबर ओढायला लागला. नवरा काचेवर टकटक करतोय, तो ढिम्म. खायला घालायचं नाही अशी पाटी आहे, सासूबाईंचा हात मी दोनदा धरला. बोटीवर धो धो पाऊस. रानवाट, तुम्ही म्हणालात तसंच, धबधबे मोजायचं मी तिसाला सोडून दिलं. मोजे घातलेल्या सासूबाईंना एक माशी चावली नाही. मी घातले नव्हते. अजून खाजवतेय.

एक फजिती : गाडी घेताना क्रेडिट कार्ड माझ्या नावाचं आणि चालवणारा नवरा. दक्षिणवारांनी लिहून ठेवलेलं असूनही. शेवटी मला मुख्य चालक केलं आणि त्याला जादा चालक, त्याचे वेगळे पैसे पडले. नियमात बसवायला एकदा तरी चालवते म्हणून मी टेकापो ते माउंट कुक चालवली. उजवीकडे निळं पुकाकी तळं, समोर डोंगर. पुढे मीच चालवली बरीचशी.

वाफाळता_चहा | २१ डिसेंबर

वा! मस्त. रोटोरुआचं काही लिहिलं नाहीत?

हळदपान | २२ डिसेंबर

गेलो होतो. जमिनीतून वाफ, चिखल रटरटतोय, आणि सगळ्या गावाला सडक्या अंड्याचा वास. सासूबाईंनी पदर नाकाला लावला तो हॅमिल्टनला परत येईपर्यंत काढला नाही. तिथे मार्गदर्शक बाईंनी सांगितलं की जेवणाच्या टेबलावर बसायचं नाही, माओरींमध्ये ते चालत नाही. सासूबाईंना ते इतकं पटलं की आता घरी ओट्यावर बसणाऱ्या नातवाला न्यूझीलंडचा दाखला मिळतो.

जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा : चांदी काढून जा. गंधकाच्या वाफेने माझी जोडवी एका दुपारीत काळी ठिक्कर पडली.

बुलबुल_७७ | २२ डिसेंबर

अरे बापरे, मग निघाली का? माझं पैंजण रोजचं आहे.

हळदपान | २२ डिसेंबर

निघाली. भावाच्या घरी ना राखुंडी ना रांगोळी. भांड्याच्या तळाशी अ‍ॅल्युमिनियम फॉइल, त्यावर जोडवी, वर खाण्याचा सोडा आणि कढत पाणी. पाच मिनिटांत उजळली. जोडवी फॉइलला टेकलेली हवीत, आणि नंतर साध्या पाण्याने धुवा. सासूबाईंचा विश्वास नव्हताच, त्यांनी वरून टूथपेस्ट लावून पुन्हा घासली. तुम्ही पैंजण घरीच ठेवा.